गाडीतला रेडिओ आणि खिडकीतली मीखल



फेब्रुवारीचा दुसरा रविवार ख्रिस्तसभेत अनेक ठिकाणी ‘जागतिक विवाह दिन’ म्हणून पाळला जातो. याच सुमारास, १३ फेब्रुवारीला, जागतिक रेडिओ दिन येतो. त्याच्या आदल्या तारखेला, म्हणजे १२ फेब्रुवारी १९३१ रोजी, व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला. तो उभारणारे शास्त्रज्ञ मार्कोनी स्वतः तेथे हजर होते आणि पोप अकरावे पायस यांचा आवाज पहिल्यांदाच जगभर ऐकू गेला. विवाह आणि रेडिओ यांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. मलाही तो ठाऊक नव्हता. आपल्याच परिसरातल्या एका जोडप्याने तो मला शिकवला.

त्यांची गोष्ट मी त्यांच्या परवानगीने सांगत आहे. ती प्रायश्चित्त संस्कारातली नाही, ऑफिसात बसून झालेल्या बोलण्यातली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. तेव्हा हे दोघे कोण असावेत याचा शोध मिस्सानंतर चर्चच्या अंगणात घेऊ नये, ही नम्र विनंती.

एका संध्याकाळी ते दोघे मला भेटायला आले. लग्नाला १९ वर्षे झालेली, मुले कॉलेजात. दोघेही नोकरीला अंधेरीच्या बाजूला. करोनानंतर लोकलची गर्दी नको म्हणून त्यांनी गाडी घेतली आणि सकाळ-संध्याकाळ एकत्र येणे-जाणे सुरू केले. आता बाई म्हणत होत्या की, “आम्ही वेगळे राहिलेले बरे.” असे जोडपे समोर आले की आम्ही धर्मगुरू ठरलेले प्रश्न विचारतो. पैशांची अडचण? नाही. दारू? नाही. सासू-सासरे, मुलांचे शिक्षण, कोणी तिसरी व्यक्ती? काहीच नाही. मग बराच वेळ गप्प राहून बाई म्हणाल्या, “फादर, हे गाडीत माझं गाणं बंद करतात.”

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. गृहस्थ वर पंख्याकडे बघत बसले.

त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना गाब्रिएल मार्सेल हा फ्रेंच विचारवंत माझ्या विशेष आवडीचा होता. १९२९ साली तो कॅथलिक झाला. तो स्वतः पियानो वाजवीत असे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, एखादा माणूस आपल्यासमोर बसून आपले सगळे बोलणे ऐकतो, पण तो आपल्यासाठी तेथे नसतो. दुसरा एखादा नुसता बघतो आणि आपल्याला जाणवते की हा आपल्याजवळ आहे. मार्सेलने यासाठी जो शब्द वापरला त्याचा अर्थ ‘दुसऱ्यासाठी मोकळे असणे’ असा करता येईल. या विषयावर मी परीक्षेत बरे गुण मिळवले होते. आणि ज्या दिवशी त्याची गरज पडली त्या दिवशी मी हसलो.

ज्यांनी हा रस्ता रोज केला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. भाईंदरहून निघायचे, गोल्डन नेस्टचा चौक, मग काशिमिरा, मग महामार्ग आणि मग दहिसर नाका. ऑक्टोबर २०२४ पासून तेथे लहान गाड्यांना टोल नाही, पण रांग काही आपली सवय सोडायला तयार नाही. जाऊन-येऊन तीन तास सहज मोडतात. घरी टीव्ही असतो, मुले असतात, शेजारी येतात. या दोघांना दिवसभरात एकमेकांसाठी मिळणारी एकमेव जागा म्हणजे ही गाडी. आणि तेथे बटण एकच.

बाई श्रीरामपूरकडच्या. वडील गावात शाळा शिकवीत आणि चर्चमध्ये भजनाला पेटी वाजवीत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला गावाची भजनी मंडळी निघाली की ही लहान पोर टाळ घेऊन पुढे. वडील गेल्याला आता बरीच वर्षे झाली. रेडिओवर पेटी आणि टाळ वाजले, अभंग असो की भक्तिगीत, की बाईंचा हात आपोआप आवाज वाढवायला जातो. गृहस्थ उत्तनच्या बाजूचे, ईस्ट इंडियन घरातले. त्यांच्या लहानपणी घरात जिम रीव्हजची इंग्रजी गाणी, लोर्नाची कोकणी गाणी आणि लग्नाच्या मोसमात ब्रास बँड. सकाळच्या वेळी टाळ ऐकू आले की ते बटण दाबत आणि म्हणत, “सकाळी सकाळी हे रडगाणं नको.” रडगाणं! बाईंनी तो शब्द मला तीनदा सांगितला.

सहा महिन्यांपूर्वी बाईंनी इयरफोन आणले. आता त्या आपल्या कानात आपले गाणे ऐकतात, ते रेडिओवर आपले. गृहस्थ मला म्हणाले, “फादर, त्यानंतर एकदाही भांडण नाही.” हे ते समाधानाने सांगत होते.

पवित्र शास्त्रात एक असेच जोडपे आहे. त्यांच्यावर आपण सहसा प्रवचन करीत नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला सहावा अध्याय काढून वाचा. दावीद राजा कराराचा कोश यरुशलेमेत आणतो आहे. वीणा, सारंग्या, डफ, झांजा वाजत आहेत आणि राजा देहभान विसरून परमेश्वरापुढे नाचतो आहे. त्याची पत्नी मीखल, शौल राजाची मुलगी, खिडकीतून खाली बघते. तिच्या मनात नवऱ्याविषयी तिरस्कार दाटून येतो. तो घरी येतो तेव्हा ती त्याला टोमणा मारते: आज राजाने दासींसमोर चांगलीच शोभा करून घेतली! दावीदही मागे राहत नाही. देवाने तुझ्या बापाला टाकून मला निवडले, असे तो तिला ऐकवतो. पुढे शास्त्रात एवढेच आहे की मीखलला मरेपर्यंत मूल झाले नाही.

लहानपणापासून आपण ऐकत आलो की मीखल गर्विष्ठ होती आणि तिला शिक्षा झाली. मीही तसेच शिकवले आहे. पण थोडे मागे जाऊन वाचा. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात स्पष्ट म्हटले आहे की मीखलचे दावीदावर प्रेम जडले होते. याच मीखलने त्याला खिडकीतून खाली उतरवून बापाच्या मारेकऱ्यांपासून वाचवले होते. होय, तेव्हाही खिडकीच. पुढे दावीद रानोमाळ फिरत असताना बापाने तिचे लग्न दुसऱ्याशी लावून दिले. काही वर्षांनी दावीदाने तिला परत मागितले ते राजकारणाच्या सौद्यात, अट म्हणून. तिचा तो दुसरा नवरा रस्त्याने रडत रडत तिच्या मागे चालत आला, शेवटी सेनापतीने त्याला दटावून परत पाठवले. एवढे सगळे सोसून ही बाई त्या खिडकीत उभी आहे. तिचा बाप आणि भाऊ युद्धात मेले आहेत. खाली ज्या राज्याचा उत्सव चालला आहे ते एके काळी तिच्या बापाचे होते.

दावीद नाचला यात त्याची काही चूक नव्हती. त्याचा आनंद खरा होता आणि तो देवासाठी होता. मीखलचे बोलणे मात्र जिव्हारी लागणारे होते, ते मी झाकणार नाही. पण मला दावीदालाही एक विचारावेसे वाटते: महाराज, सगळ्या इस्राएलला तुम्ही भाकरी आणि मनुकांच्या वड्या वाटल्या, मग तुमची बायको खाली का आली नाही, याची चौकशी तुम्ही केलीत का? आणि मीखलला: बाई, ज्याच्यावर तुझे प्रेम होते तो कशाने एवढा वेडा झाला आहे, हे एकदा खाली उतरून बघावे असे तुला वाटले नाही का? दोघांनीही विचारले नाही. नवराबायकोत आवडी जुळल्या नाहीत म्हणून घर मोडल्याचे माझ्या पाहण्यात फारसे नाही. एकाचा आनंद दुसऱ्याला हास्यास्पद वाटू लागला की मात्र मला काळजी वाटते.

हे सारे मी त्या दोघांना पहिल्या भेटीत सांगितले नाही. तेव्हा मला ते सुचलेही नव्हते. दुसऱ्या भेटीत मी फक्त गृहस्थांना विचारले, “बाईंच्या वडिलांना तुम्ही पेटी वाजवताना ऐकलं होतं का?” ते म्हणाले, “नाही. लग्नाआधीच वारले.” “मग कधी बाईंना विचारलं, ते काय वाजवायचे?” यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, “आणि तिनं मला विचारलं?”

तेव्हा जे बाहेर आले त्याची बाईंनाही कल्पना नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी उत्तनच्या बाजूला रीतीप्रमाणे उंबराचं पाणी आणायला सगळे निघाले होते. बँड, घुमट, आमच्या ईस्ट इंडियन बोलीतली गाणी, म्हाताऱ्या बायका लुगडी नेसून नाचत होत्या. त्यांत त्यांची आईही होती. नवरीकडची काही मंडळी आधीच येऊन राहिली होती. ती वरच्या गॅलरीत उभी होती आणि बोलीची नक्कल करून हसत होती. पुढे लग्नानंतर एकदा घरात त्या दिवसाची व्हिडिओ कॅसेट लावली तेव्हा बाईही आपल्या बहिणीबरोबर तशाच हसल्या. गृहस्थ तेव्हा काही बोलले नाहीत. ते १८ वर्षे बोलले नाहीत. ते फक्त बटण दाबत राहिले.

गॅलरी आणि खिडकी यांत काय मोठा फरक? मीखल मला आठवली ती त्या क्षणी.

आपल्या देशानेही एकदा असेच बटण दाबून पाहिले आहे. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. माणूस विद्वान, शास्त्रीय संगीताचा खरा प्रेमी. चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे प्रामाणिक मत होते आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोक अभिरुची सुधारायला थांबले का? त्यांनी रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ तेथून सुरू झाली आणि बुधवारची रात्र साऱ्या देशाने सिलोनला देऊन टाकली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. तिच्या नावातच ‘विविध’ आहे. ती आज आपल्या शेजारी बोरिवलीच्या गोराई रोडवरून देशभर बोलते. केसकरांची आवड हलकी होती असे कोणीच म्हणणार नाही. पण ज्याचे गाणे तुम्ही घरात बंद करता तो ते ऐकायचे सोडत नाही, ते ऐकायला दुसरीकडे जातो. गाडीत आज ते ‘सिलोन’ म्हणजे इयरफोन आहे. उद्या ते आणखी दूर असू शकेल, आणि हे मी आईवडिलांनाही सांगतो, कारण तुमच्या मुलांच्या कानांतही काहीतरी वाजते आहे.

ख्रिस्तसभेलाही हे शिकायला वेळ लागला, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज काढला. त्यात ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान दिले आणि त्याचबरोबर निरनिराळ्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेलाही योग्य मान द्यावा असे सांगितले. त्याआधी आमच्या आजीआजोबांनी लॅटिन गायले, अर्थ कळो न कळो. आज आपल्या मीरा-भाईंदरमध्ये इंग्रजी, मराठी, कोकणी, हिंदी अशा किती भाषांत गायले जाते! तरीही एका भाषेचा गायनवृंद गात असताना दुसऱ्या भाषेचे लोक मोबाईल बघत बसतात. हे मी वेदीवरून पाहतो. असो, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहिले तर काही जण माझ्याशी बोलायचे थांबतील.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात एक जोडपे होऊन गेले. ते आपले कॅथलिक नव्हते, पण त्यांचे उपकार सर्वांवर आहेत. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई हादरून गेल्या आणि पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. गाण्याच्या आवडीवरून नव्हे, त्याहून कितीतरी खोल गोष्टीवरून. पुढे त्या पतीजवळ परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळे त्यांनी आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात इतक्या मोकळेपणाने आणि विनोदाने सांगितले आहे की, ज्यांनी वाचले नसेल त्यांनी या वर्षी जरूर वाचावे. टिळक कीर्तन-अभंगांच्या वळणाने प्रभूला गात. येशूच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी हाती घेतले आणि दहाएक अध्याय झाले असताना १९१९ साली ते वारले. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. एके काळी ज्या श्रद्धेमुळे त्यांचा संसार दुभंगला त्याच श्रद्धेचे गाणे नवऱ्यामागे त्यांनी पुरे केले. त्यासाठी नवरा जिवंत असताना ते गाणे किती लक्ष देऊन ऐकावे लागले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

संत पौल करिंथकरांना सांगतो की प्रीती स्वतःचेच पाहत नाही. हा उतारा आपण जवळजवळ प्रत्येक लग्नात वाचतो आणि रिसेप्शनला डीजे कोणाच्या पसंतीचा यावरून दोन्ही घरे भांडतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात पती-पत्नींना फार साधी गोष्ट सांगितली: एकमेकांसाठी वेळ काढा, समोरच्याला जे सांगायचे आहे ते सगळे ऐकून होईपर्यंत स्वतः बोलू नका, त्यासाठी मनात शांतता ठेवा. मी तर म्हणतो, गाणे हे सांगणेच आहे. माणूस गाणे लावतो तेव्हा तो आपण कोठून आलो ते सांगत असतो. पसंत पडले पाहिजे अशी सक्ती नाही. मला स्वतःला ब्रास बँड दहा मिनिटांपलीकडे सोसत नाही. मी उत्तनला लग्न लावायला जातो तेव्हा हे तोंडावर दिसू नये याची काळजी घेतो, पण माझ्या सॅक्रिस्टनला ते बरोबर कळते.

त्या दोघांचे पुढे काय झाले? चमत्कार झाला नाही. त्यांनी आपसांत एक करार केला: घरापासून दहिसर नाक्यापर्यंत रेडिओ यांचा, नाक्यापुढे बाईंचा, परत येताना उलट. मला हा करार फारसा पटला नाही. वाटणी भावाभावांत होते, असे मी त्यांना म्हणालोसुद्धा. बाई म्हणाल्या, “फादर, इयरफोन तर काढले ना?” मी गप्प बसलो. संसार त्यांना करायचा होता, मला नव्हे.

मध्यंतरी बाईंनी नवऱ्याला त्या उंबराच्या पाण्याच्या एका गाण्याचा अर्थ विचारला. त्यांना तो नीट सांगता येईना. तेव्हा ते रविवारी गाडी घेऊन उत्तनला आईकडे गेले आणि म्हातारीने दोघांना समोर बसवून तासभर गाणी म्हटली. बाईंनी ती मोबाईलवर भरून घेतली. हे मला म्हातारीनेच सांगितले, मी तिला ख्रिस्तप्रसाद द्यायला गेलो तेव्हा. सुनेने आपले गाणे भरून नेले याचे तिला कोण अप्रूप!

गेल्या पावसाळ्यात मला वांद्र्याला एका बैठकीला जायचे होते. त्याच रस्त्याने निघालेल्या या दोघांनी मला गाडीत घेतले. मी मागे बसलो. पाऊस जोरात होता, काशिमिऱ्यापासूनच रांग. वळण यांचे होते, रेडिओवर कुठल्यातरी कार्यक्रमात जुने इंग्रजी गाणे लागले होते आणि गृहस्थ स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरीत होते. दहिसर नाका आला. गाणे अर्धेच झाले होते. त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला.

“अहो, राहू द्या,” बाई म्हणाल्या, “संपू दे ते.”

तुमचा ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू